बंबाचे तांबे

दसरा झाला की जयपूरची हवा एका रात्रीत बदलते, असे लोक म्हणतात. ते खरे नाही. आठ-दहा दिवस लागतात. आधी पहाटे पायाशी पडलेली चादर वर ओढावीशी वाटते, मग दुपारची सावली गार लागते, मग एके दिवशी माठातले पाणी नको होते. या आठ-दहा दिवसांत सगळे शहर रंगवायला काढलेले असते. चुन्याचा वास, ओल्या गेरूचा वास, गल्लीच्या तोंडाशी रजया भरणाऱ्या पिंजाऱ्याच्या तातेचा एकसुरी आवाज आणि हवेत तरंगणारा कापूस. मुले लोखंडी नळीत गंधक-पोटाश भरून भिंतीवर आपटतात. तो आवाज अजून तसाच आहे.

यंदाचे हे दिवस विद्याधर नगरमध्ये गेले, मेधाच्या घरी. मेधा ही माझी भाची, दादाची मुलगी. दादा जाऊन तीन वर्षे झाली. त्याची ट्रंक तिच्या माळ्यावर होती आणि दिवाळीच्या साफसफाईत ती खाली काढली होती. मेधाचा जन्म, शाळा, नोकरी सगळे राजस्थानातले. मराठी ती बोलते, पण प्रत्येक वाक्याआधी अंधारात पायरी चाचपावी तशी थांबते.

"आत्या, मतलब, यातलं ठेवायचं काय आणि कबाडीवाल्याला द्यायचं काय?"

ट्रंकेत अकरा वह्या होत्या, नानांचे खिशातले घड्याळ होते, इंग्रजीत छापलेल्या एका पानाच्या बारा-पंधरा सारख्या प्रती होत्या, आणि बिस्किटांचा एक चौकोनी डबा. डबा उघडल्यावर आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला धातूचा तुकडा निघाला. बोटभर लांब, दोन बोटे रुंद, काळा. मेधाने तो उचलून घासायच्या भांड्यांशेजारी ठेवला आणि ती पुढच्या सामानाकडे वळली.

पाहताच ओळखू आला. तो बंबाचा होता.

बंब साताऱ्याहून आला होता. वडील, म्हणजे नाना, विमा कचेरीत अधिकारी होते. चोपन्न साली त्यांची बदली जयपूरला झाली. सामानातले बरेच काही आईने साताऱ्यातच वाटून टाकले, बंब मात्र गोणपाटात बांधून आणला. राजस्थानात थंडी कडक असते, एवढी एकच माहिती तिला होती. बनी पार्कातल्या भाड्याच्या घरात, मागच्या मोरीपाशी तो उभा राहिला. बाहेरून चकचकीत, आईच्या हातची चिंच खाऊन गुलाबी झालेला. आत मधोमध तांब्याचे नळकांडे, त्यात निखारे, खाली राख. शेजारचे लोक त्याला हमाम म्हणत. बाहेरचे अंग दर आठवड्याला घासले जाई. आतल्या नळकांड्याला कोणी कधी हात लावला नाही. तिथे हात पोचतच नसे.

जयपूरच्या खाऱ्या पाण्याने तो सात हिवाळ्यांत हरला. एकसष्टच्या उन्हाळ्यात सांध्याला चीर गेली. नानांनी तो टांग्यात घालून जुन्या शहरात, चारदीवारीतल्या ठठेऱ्यांच्या, म्हणजे तांबटांच्या, गल्लीत नेला. तिथे सगळ्या दुकानांत एकाच वेळी ठोकाठोक चालते, आणि बोलायचे असले तर कानाशी वाकावे लागते. म्हाताऱ्या ठठेऱ्याने बंबाच्या पोटात हात घातला, बोटावर आलेली राख पाहिली आणि सांगितले, "बाबूजी, इसकी उमर हो गई." बाहेरचे भांडे मोडीत गेले. आतले नळकांडे दादाने मागून घेतले आणि त्याच्या पट्ट्या कापून घेतल्या.

दादाचे नाव श्रीधर सबनीस. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता, एमएस्सी होऊन कॉलेजच्या प्रयोगशाळेत संशोधन करत होता. विषय एका वाक्यात सांगता येण्यासारखा होता. लाकडापासून मिळणाऱ्या स्पिरिटची वाफ आणि पाण्याची वाफ तापलेल्या तांब्यावरून नेली की हायड्रोजन निघतो. हा वायू वनस्पती तुपाच्या कारखान्यांना लागतो, खताला लागतो, आणि हवामान खात्याच्या फुग्यांना लागतो. शेवटचा उपयोग दादाच्या मनात भरला होता. रविवारी तो सायकलवरून सांगानेरच्या विमानतळाला जाऊन कुंपणाबाहेरून फुगा सोडताना पाहायचा. एकदा कॅरियरवर बसवून मलाही नेले. पांढरा फुगा वर गेला, लहान झाला, दिसेनासा झाला. दादा तरीही वर पाहत होता. वाळवंटातल्या ठाण्यांवर हायड्रोजनचे जड सिलिंडर उंटावरून न्यावे लागतात, असे त्याने परतताना सांगितले. त्याऐवजी स्पिरिटचा एक पिंप आणि तांबे भरलेली एक नळी नेली तर वायू तिथेच तयार होईल. पेडल मारता मारता तो हे सांगत होता आणि चढावर त्याला धाप लागत होती.

अडचण तांब्याची होती. तांबे या कामात खर्च होत नाही. वाफा त्याच्या अंगावर येतात, बदलतात आणि निघून जातात. त्याला उत्प्रेरक म्हणतात. हे त्याने एकदा आईला जेवताना समजावले. आईने विचारले, "मग तांब्याला काय मिळतं?" दादा हसला आणि म्हणाला, "थकवा."

तो विनोद नव्हता. दुकानातून मागवलेले शुद्ध तांबे दुपारपर्यंत चांगले काम करी आणि संध्याकाळपर्यंत थकून जाई. वायूचे बुडबुडे पाण्यातून वर येत, ते नानांच्या घड्याळावर मोजायचे, दर मिनिटाला किती ते वहीत लिहायचे. पाच वर्षे हेच आकडे वहीत उतरत होते. सकाळी भरपूर, संध्याकाळी शून्याच्या जवळ. काही पदार्थ उत्प्रेरकाला विषासारखे असतात, इतके थोडे की दिसत नाहीत, असे तो सांगे. एखाद्या विषाची शंका आली की महिना जाई. नळी बदल, रबर बदल, स्पिरिट दोनदा गाळून घे. मग पुन्हा संध्याकाळ.

बंबाच्या नळकांड्याची पहिली पट्टी त्याने निव्वळ शिल्लक तांबे संपले म्हणून वापरली. तुकडे करून नळीत भरले, भट्टी लावली. पुढचे मी पाहिलेले नाही, रामजीलालने सांगितलेले आहे. रामजीलाल हा प्रयोगशाळेतला सेवक, पन्नाशीचा, पांढऱ्या मिशांचा. त्याने सांगितले की संध्याकाळ झाली तरी बुडबुडे कमी झाले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. सबनीससाहेब घड्याळ कानाला लावून पाहत होते, बंद तर पडले नाही ना म्हणून. सोळा दिवस ती नळी चालली, आणि सोळाव्या दिवशी ती थकली नाही, तर स्पिरिट संपले.

त्या सोळा दिवसांतल्या एका दुपारी दादाने मला प्रयोगशाळेत बोलावले. साबणाच्या पाण्यात नळीचे तोंड बुडवून त्याने फुगे केले. ते सुटून छताकडे गेले, तिथल्या पंख्याच्या दांडीला लागून फुटले. रामजीलाल म्हणाला, "बाईसा, आपके हमाम की हवा है." विभागात हा शब्द सगळ्यांना ठाऊक झाला होता. येता-जाता कोणीतरी विचारी, "क्यों सबनीसजी, आज हमाम गरम हुआ?" दादाला राग येत नसे. तो घड्याळ दाखवून आकडा सांगे.

विभागप्रमुख माथुरसाहेबांनी दिल्लीला पत्र लिहिले. तिथल्या एका मोठ्या प्रयोगशाळेतले प्राध्यापक दिवाळीनंतर दुसऱ्या कामासाठी जयपूरला येणार होते. त्यांनी एक दिवस देण्याचे कबूल केले. नवी नळी त्यांच्यासमोर भरायची, त्यांच्यासमोर चालवायची. पटले तर दादाला दिल्लीत दोन वर्षांची जागा आणि मोठी भट्टी मिळणार होती. न पटले तर काय, हे कोणी बोलत नव्हते. पण शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपत होती आणि नाना दीड वर्षात निवृत्त होणार होते, हे घरात सगळ्यांना माहीत होते.

त्या वर्षी दसरा ते दिवाळी आई घरी नव्हती. मावशीच्या आजारपणासाठी ती साताऱ्याला गेली होती. घर माझ्याकडे होते. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, एमए करत होते. आईची पत्रे एक दिवसाआड येत. पत्रांत मावशीच्या तब्येतीच्या दोन ओळी आणि सूचनांच्या वीस. अनारसे कोणत्या तुपात तळायचे, रजया कोणत्या पिंजाऱ्याकडे द्यायच्या, पाडव्याला नानांचे मित्र येतात तेव्हा तांब्या-पितळेत तोंड दिसले पाहिजे.

दादाचे त्या दिवसांतले रूप आठवते. तो सकाळी लवकर उठून गच्चीवर फेऱ्या मारी. रस्त्यातल्या पिंजाऱ्यामुळे हवेत उडणारा कापूस पाहून तो खिडक्या लावून घेई, कारण कपड्यांवरून तंतू प्रयोगशाळेत जातील. शेजारची मुले गंधक-पोटाश उडवू लागली की सायकल दुसऱ्या रस्त्याने नेई, कारण गंधक तांब्याला विष. त्याने त्या दिवसांत लसूण खाणेसुद्धा सोडले होते. नाना म्हणाले, "अरे, तू नळीत फुंकर मारतोस का?" तेव्हा तो हसला, पण लसूण बाजूलाच काढली. बाहेरून येणारे एकही विष त्याच्या नजरेतून सुटले नव्हते.

धनत्रयोदशीच्या सकाळी निघताना त्याने सांगितले की नळकांड्याच्या उरलेल्या पट्ट्या मोरीत ठेवल्या आहेत, दुपारी रामजीलाल येईल, त्याच्याकडे द्यायच्या. एवढेच. धुवू नकोस असे तो म्हणाला नाही. धू असेही म्हणाला नाही.

मोरीत त्या वेळी घरातले सगळे तांबे-पितळ पसरलेले होते. चिंच पहाटेच भिजत घातली होती. खडे मीठ वाटीत होते. हंडे झाले, घागर झाली, समया झाल्या, ताम्हन-पळी झाली. मग त्या पट्ट्या दिसल्या. एका बाजूने राखेचा राखाडी थर, दुसऱ्या बाजूने पाण्याचा पांढरा. दिल्लीचा मोठा माणूस येणार, आणि सबनीसांच्या घरातून असे तांबे जाणार. आई असती तर तिने जाऊ दिले नसते. हा विचार मनात आला होता, हे नक्की आठवते, कारण तो अभिमानाने आला होता.

चिंच आणि मीठ लावून पट्ट्या घासल्या. राख सहज निघाली, पांढरा थर निघायला वेळ लागला. मीठ पुन्हा लावले. बोटांना चरे होते, ती झोंबली. शेवटी खालून ते तांबे वर आले, ज्याला तांबडा म्हणता येत नाही असा कोवळा रंग. पट्ट्या विहिरीच्या पाण्याने विसळून गच्चीवर उन्हात वाळवल्या. रामजीलाल आला तेव्हा त्या स्वच्छ फडक्यात बांधून दिल्या. त्याने फडके उघडून पाहिले आणि म्हणाला, "बाईसा, आपने तो गहना बना दिया."

संध्याकाळी दादा घरी आला.

"पट्ट्या तू घासल्यास?"

"काळ्या कशा पाठवायच्या?"

"छान केलंस. आम्ही अ‍ॅसिडने धुतो, त्यापेक्षा स्वच्छ निघाल्यात."

त्याने हे मनापासून म्हटले होते. तो रसायनशास्त्रज्ञ होता. स्वच्छ म्हणजे चांगले, हे त्यालाही शिकवलेले होते.

भाऊबीज झाली. ओवाळून झाल्यावर त्याने नानांचे घड्याळ खिशात घातले, उद्या सकाळी नवीन चावी द्यायची आठवण कर म्हणाला. दुसऱ्या दिवशी दहाला प्राध्यापक आले. फराळाचा डबा घेऊन मीही गेले होते, प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात बाकावर बसले. दार उघडे होते. आतले दिसत नव्हते, ऐकू येत होते. पाण्यातून वायू वर येण्याचा आवाज बारीक असतो, पण सवय झाली की कळतो.

पहिला तास चांगला गेला. आतून हसण्याचे आवाज आले. कोणीतरी हमामची गोष्ट सांगितली असावी. साडेअकराला चहा आत गेला. त्यानंतर कधीतरी माणसांचे बोलणे कमी झाले. कोणी मोजत असले की बाकीचे गप्प बसतात. आधी वाटले मोजत आहेत. मग बुडबुड्यांमधले अंतर ऐकू येऊ लागले. एक. मग थांबून एक. रामजीलाल बाहेर येऊन विजेचा दाब पाहून गेला, पुन्हा आला, पुन्हा पाहून गेला. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. एक वाजता आत काहीच ऐकू येत नव्हते.

प्राध्यापक सभ्य होते. कोणी आवाज चढवला नाही. त्यांनी वही मागून घेतली, उभ्यानेच पाने उलटली आणि नोंदी उत्तम ठेवल्या आहेत असे इंग्रजीत सांगितले. एका खेपेवरून निष्कर्ष काढता येत नाही, असेही म्हणाले. ते पहिल्या खेपेबद्दल म्हणाले की दुसऱ्या, हे कळले नाही. फराळाचा डबा त्यांनी माझ्या हातातून दोन्ही हातांनी घेतला. त्यांची गाडी संध्याकाळची होती.

माथुरसाहेब जाताना दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सबनीस, दिल छोटा मत करो." त्यांचा हेतू चांगला होता. दादाने मान हलवली आणि भट्टी बंद करायला आत गेला.

त्यापुढच्या हिवाळ्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. उरलेल्या घासलेल्या पट्ट्या त्याने एकामागून एक वापरल्या. सगळ्या दुपारपर्यंतच चालल्या. त्याने नळी बदलली, रबर बदलले, स्पिरिट पुन्हा गाळले. जानेवारीत दिल्लीहून दोन ओळींचे पत्र आले. संक्रांतीला सगळे शहर गच्च्यांवर पतंग उडवत होते तेव्हा तो खाली खोलीत आकडे पडताळत होता. मार्चमध्ये शिष्यवृत्ती संपली आणि भट्टी विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांना दिली गेली. हमामचा विनोद विभागात चालूच राहिला, फक्त तो आता दादाच्या समोर कोणी करत नसे. हे रामजीलालने सांगितले, आणि सांगताना तो रडला.

त्रेसष्टला नाना निवृत्त झाले, बनी पार्कचे घर सोडले. दादाला शेखावाटीतल्या एका गावात कॉलेजमध्ये शिकवण्याची नोकरी मिळाली. तिथे प्रयोगशाळा म्हणजे दोन टेबले आणि एक कपाट. आई-नाना त्याच्याकडे राहायला गेले. त्याचे लग्न झाले. मला पुण्यात एका दैनिकात उपसंपादकाची जागा मिळाली आणि पुढची तीस वर्षे मी तेच केले. बातमीत आधी काय झाले ते लिहायचे, मग कोणी केले ते, मग कोणाच्या सांगण्यावरून आपण लिहितो ते. तिन्ही गोष्टी माहीत नसतील तर बातमी अडवून ठेवायची. हे तिथे शिकवले जाते आणि हळूहळू ते घरातही लागू होते.

सहासष्टची दिवाळी सगळ्यांनी शेखावाटीत केली. मेधा तेव्हा वर्षाची होती. भाऊबीजेच्या सकाळी मी अंगणात बसून निरांजन घासत होते. दादा चहाचा कप घेऊन पायरीवर बसला होता. तो बराच वेळ माझ्या हातांकडे पाहत होता.

"मीठही घालतेस?"

"मीठ नसेल तर डाग निघत नाही."

"नेहमीच?"

"नेहमीच. आईने शिकवलंय."

"हं."

त्याने चहा संपवला. मग उठून आला, माझ्या हातातून निरांजन घेतले आणि हातपंपावर नेऊन धुतले. पुष्कळ वेळ धुतले. आईने आतून ओरडून विचारले, पाणी कशाला सांडतोस. तो पंप मारत राहिला. ओवाळताना त्याने मान नेहमीपेक्षा जास्त वाकवली होती, असे आता वाटते. ते तेव्हा पाहिले की आता रचले, हे सांगता येत नाही. म्हणून ते खरे धरू नये.

दोन वर्षांनी आमच्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत दिवाळीच्या निमित्ताने हलकेफुलके लेख मागवले होते. एक लेख कमी पडला. मी तासाभरात बंबाची गोष्ट लिहून दिली. बंबातून हवा काढायला निघालेला भाऊ, टांग्यातून गेलेला बंब, हमामवाले साहेब, आणि दिल्लीच्या पाहुण्यासाठी पाचही पट्ट्या आरशासारख्या घासून देणारी बहीण. लोकांना आवडला. कचेरीत सहकारी पुढे वर्षभर विचारत होते की भाऊ काय म्हणतो, पाणी तापलं का. लेखाचे कात्रण दादाला पाठवले. त्याचे कार्ड आले. अक्षर नेहमीचे, उभे आणि सुटे.

"मजकूर चांगला उतरला आहे. एक दुरुस्ती. पट्ट्या पाच नव्हेत, चार होत्या. बाकी सर्व बरोबर आहे."

ते कार्ड टेबलाच्या काचेखाली कित्येक वर्षे होते. पाहुण्यांना दाखवून मी म्हणे, बघा, आमचा दादा किती काटेकोर.

विद्याधर नगरमध्ये मेधा स्वयंपाकघरात होती तेव्हा अकराही वह्या वाचल्या. दोन दुपारी लागल्या. वह्या इंग्रजीत आहेत, इथे मराठीत देते आहे. सातव्या वहीत बंबाच्या पहिल्या पट्टीची नोंद आहे: "तांबे घरच्या बंबाचे. धुतलेले नाही. राख चिकटलेली आहे." प्राध्यापक आले त्या दिवशीची नोंद: "तांबे तेच. घासून स्वच्छ." दोन नोंदींमध्ये बारा पाने आहेत. तो फरक त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवला होता आणि पाच वर्षे त्याला तो दिसला नाही.

अकराव्या वहीत सदुसष्टच्या जानेवारीतली दोन पाने आहेत. मोरीच्या कोपऱ्यात पाटामागे सरकलेली एक पट्टी, घर सोडताना सापडलेली, त्याने जवळ ठेवली होती. उरलेल्या पट्ट्यांतली पाचवी. तिचा अर्धा भाग त्याने कापला, त्याचे पुन्हा दोन वाटे केले. विजेची भट्टी नव्हती, म्हणून रॉकेलच्या स्टोव्हवर लोखंडी नळी तापवली. एक वाटा राखेसकट, तसाच. दुसरा चिंच आणि मीठ लावून घासलेला. पहिला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने स्वतः बंद केला तोपर्यंत चालू होता. दुसरा दुपारी संपला. खाली लिहिले आहे: राखेतला क्षार तांब्याला टिकवतो. मिठातले क्लोरीन त्याला मारते. त्याखाली रेघ. अक्षरात काही बदल नाही. आनंद झाला होता की नाही, अक्षरावरून कळत नाही. तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता आणि आठवड्याला चोवीस तास शिकवत होता.

छापील पान त्याच वर्षीचे आहे, एका लहान नियतकालिकातले. शीर्षकाखाली त्याचे एकट्याचे नाव. त्यात पहिल्या खेपेचे यश आहे, दुसऱ्या खेपेचे अपयश आहे आणि दोन्हींची कारणे आहेत. चौथ्या परिच्छेदात एक वाक्य आहे. दुसऱ्या खेपेसाठी वापरलेले तांबे लेखकाने स्वतः चिंच आणि मीठ लावून घासले होते.

तीस वर्षे मी दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका शोधल्या. अकरा वह्या आणि एक छापील पान, यात खोटे असे हे एकच वाक्य सापडले. लसूण न खाणारा, बुडबुडे मोजताना श्वास रोखणारा माणूस, त्याने ते शांतपणे लिहून छापायला दिले. पुढच्या वर्षी माझा लेख आला, त्यात खरे होते, मीच हसत हसत छापलेले. ते त्याने खोडले नाही. पट्ट्यांची संख्या तेवढी दुरुस्त केली. पाच सापडल्या असत्या तर पाच घासल्या असत्या. चार घासल्या गेल्या, म्हणून एक उरली, म्हणून त्याला कळले. एवढेच त्याला सांगायचे असावे, आणि तेवढेही त्याने सांगितले नाही.

त्यानंतर तो पस्तीस वर्षे भाऊबीजेला आला किंवा मी गेले. दर वर्षी निरांजन लखलखीत असे. दर वर्षी तो त्याकडे पाही आणि म्हणे, छान.

हे लिहिण्याचे कारण तेच वाक्य आहे. ते नियतकालिक आता निघत नाही, दुरुस्ती तिथे छापता येणार नाही. म्हणून इथे. ते तांबे दादाने घासले नव्हते. ते मी घासले.

धनत्रयोदशीच्या सकाळी मेधा मोरीपाशी भांडी घेऊन बसली. हल्ली पाकिटातली पूड मिळते, ओल्या बोटाने लावली की तांबे लगेच उजळते. तिने तांब्या घासला, ताम्हन घासले, मग बाजूला ठेवलेला तो काळा तुकडा उचलून उजेडात उलटसुलट केला. एका बाजूची राख तिच्या अंगठ्याला लागली.

"आत्या, बाबांचा हा पण घासून देऊ? एक मिनिट लागेल. छान होईल."

तिच्या दुसऱ्या हातात पूड होती. ती हसत होती, पाहुणी आलेल्या आत्याला खूश करावे म्हणून. बाहेर कोणीतरी भिंतीवर नळी आपटली.

"राहू दे, बेटा. तो तसाच हवा."

"पण काळा आहे."

"हो. हात मात्र धुऊन घे."

ती हात धुवायला उठली. तुकडा पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात ठेवला. तिच्या अंगठ्याचा ठसा राखेत उमटला होता, तिथे खालून तांबे किंचित दिसत होते.